राहिलेली अकरा मिनिटं

मधुकर सर गेल्याचा फोन नांदेडहून सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "गुरुजी, तुमचे सर गेले." त्याला आता सहा आठवडे झाले. आधीच्या रविवारी मी दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसलो होतो. पाय सुजलेले, आवाज खोल गेलेला. "तांड्यावरची अकरा मिनिटं राहिली, गुरुजी," ते म्हणाले. बरे व्हा, मग जाऊ, असं मी म्हणालो... दोन वर्षं मी असंच काहीतरी म्हणत आलो होतो.

आम्ही कळमनुरीच्या एकाच शाळेत; ते मराठीला, मी गणिताला. दोन हजार साल उलटल्यावर त्यांनी आसपासच्या शाळांसाठी चित्रपट महोत्सव सुरू केला. टॉकीजला कधी न लागणारे, कुणीतरी स्वतःच्या हिमतीवर काढलेले छोटे चित्रपट ते पुण्याच्या ओळखीतून मागवत. हिवाळ्यात तीन दिवस, पाच गावं. प्रोजेक्टर उसना, पडदा म्हणजे घरची पांढरी चादर, अंधारासाठी खिडक्यांना घोंगड्या. वेळ सांभाळणं माझ्याकडे. सरांची एक खोड होती. रंगात आलेला चित्रपट मध्येच थांबवून ते मुलांना विचारत, "ही पोरगी आता काय करंल? काहून?" हातातला उघडा पेन पडद्यावर टेकवून दाखवत. मुलं आधी लाजत, मग एकमेकांना अडवून बोलत. मला तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटे.

तांड्यावरच्या शाळेत हरवलेली बकरी शोधणाऱ्या मुलीचा चित्रपट लावला होता. लांबी अठ्ठ्याऐंशी मिनिटं. वीज चारला जाणार, म्हणून मी सव्वादोनला सुरू करायला लावला. सरांच्या प्रश्नांचं एक मिनिटही धरलं नव्हतं. ते अठ्ठावीस मिनिटं चालले. वीज गेली तेव्हा अकरा मिनिटं उरली होती आणि समोर त्रेचाळीस मुलं बसलेली. पाचवीतल्या शेवंतानं विचारलं, "बकरी सापडती का, सर?" सरांनी शेवट सांगितला नाही. "मी येऊन दाखवतो," म्हणाले. परतताना मला म्हणाले, "गुरुजी, तुमचं गणित बराबर हाय. लेकरं तेवढी धरायची राहिली."

प्रोजेक्टर दुसऱ्या दिवशी परत करायचा होता. मग परीक्षा आल्या, मग माझ्या मुलीचं लग्न. दर वेळी सर आठवण करत आणि मी पुढचा महिना सांगे. पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या किडन्यांनी दगा दिला आणि महोत्सव झालाच नाही.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी वहिनींनी ती चादर आणि त्या चित्रपटाची सीडी माझ्या हातात दिली. मी प्रोजेक्टर मिळवून तांड्यावर गेलो. त्रेचाळीसपैकी एकोणतीस मुलं शाळेत होती. बाकीची काही आईबापांबरोबर ऊसतोडीला, काहींची शाळा सुटलेली. शेवंता होती, सातवीत. अकरा मिनिटं दाखवली. बकरी सापडली. बोलण्यासाठी मी या वेळी चांगला अर्धा तास धरून गेलो होतो, पण मुलांना विचारायचं काय ते मला सुचेना. शेवटी शेवंतानंच विचारलं, "सर काहून न्हाई आले?"

मी सांगितलं. मग चादर उतरवून तिची घडी केली.

चादर माझ्या कपाटात आहे. तिच्यावर पेनाचे निळे ठिपके आहेत. मी मोजले, एकोणीस आहेत. घरच्यांनी ती दोनदा धुवायला मागितली. मी दिली नाही.