ओल्या भिंतीला रंग

परवाच्या पावसात हिंदमाताला पाणी भरलं, तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या घरातही गुडघाभर शिरलं. पाणी उतरलं, भिंती मात्र अजून ओल्याच आहेत. पेंटर म्हणतो, थांबा. आईचा एकच धोशा, "गणपतीआधी घर रंगवूनच हवं, पाहुणे काय म्हणतील?" दर वेळी हेच होतं आणि दिवाळीपर्यंत पोपडे सुटतात.

आज तिला घेऊन लालबागच्या कारखान्यात आमची शाडूची मूर्ती बघायला गेलो. मूर्तिकार रंग कालवतच होता. आईने मूर्तीच्या पाठीला हात लावला आणि गावच्या बोलीत ओरडलीच, "अरे बाबा, आजून वली आसा! रंग नको लावू, पोपडे येतले."

मी तिच्याकडे बघितलं.

घरी आल्यावर तिने तोच हात भिंतीवर टेकवला. मग स्वतःच पेंटरला फोन करून सांगितलं, गणपती गेल्यावर ये.

"मखरामागे पडदा तरी लावूया?" मी विचारलं.

"नको. भिंतीक वारो लागांदे."

तर मंडळी, यंदा दर्शनाला याल तेव्हा बाप्पामागे उघडी भिंत दिसेल. नाक मुरडणाऱ्याला मोदक मिळणार नाही. आणि खरं सांगा, पाहुण्यांसाठी ओल्यावरच रंग फासायची घाई तुमच्या घरीही होते ना?