दोर धरणारे हात

"दोन्ही हात पुढे करा," नगरच्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. मी हात पुढे केले आणि सवयीने खांद्यावरचा रुमाल त्यावर टाकला.

आम्हा जनावरांच्या दलालांची ती रीतच आहे. घोडेगावच्या बाजारात बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. डॉक्टरांनी रुमाल उचलून बाजूला ठेवला. माझी बोटं थरथरत होती.

"अब्बासभाई, याला ट्रेमर म्हणतात, म्हणजे हाताचा कंप. आणि पोटात पाणी झालंय ते सिरोसिसमुळे. दारूने तुमचं लिव्हर, म्हणजे यकृत, कडक होत चाललंय. सोडलीत तर काही वर्षं मिळतील. नाही सोडली तर पुढचा उन्हाळा दिसणार नाही."

माझी बायको हमीदा दारापाशी उभी होती. मला तिच्याकडे बघवेना.

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. महिन्यापूर्वी रुमालाखाली माझं बोट नको तेव्हा दाबलं गेलं होतं. समोरच्याने भलताच भाव धरला आणि भर बाजारात हमरीतुमरी झाली. त्यानंतर माझ्या रुमालाखाली कोणी हात घालेना. मी मात्र सगळ्यांना हिवताप झालाय म्हणून सांगत सुटलो.

इस्पितळात मी बारा दिवस होतो. तिसऱ्या दिवशी मला भिंतीवर मुंग्याच मुंग्या दिसू लागल्या आणि मी चादर झटकत ओरडत राहिलो. मुंगी एकही नव्हती. डॉक्टर म्हणाले, हा डिलीरियम, दारू एकाएकी तुटली की होणारा भ्रम. म्हणून तुमच्यापैकी कोणी वर्षानुवर्षं पीत असेल, तर शूरपणा करून घरच्या घरी एका दमात सोडू नका. आधी दवाखाना गाठा.

निघताना डॉक्टर म्हणाले, "औषध मी देईन, पण बाजाराच्या दिवशी तुमच्या शेजारी मी नसेन. सोबत शोधा."

आधी मी आमच्या मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांकडे गेलो. ते म्हणाले, आपल्यात कोणी पीत नाही. आजारच नाही म्हटल्यावर इलाज कुठला! मग नगरला व्यसनमुक्तीची सभा भरते असं कळलं. तिथे व्याख्यान झालं, सगळ्यांनी हात वर करून शपथ घेतली. इकडेतिकडे पाहिलं तर आयुष्यात कधी प्यालेला माणूस मी एकटाच. सभ्य माणसं होती, माझी टिंगल कोणी केली नाही. तरी परतीच्या वाटेवर मी गुत्त्यात शिरलो. त्या दिवशी हमीदाने जेवण वाढलं आणि ती पाठ करून बसली.

पुढच्या बाजारी मला महादू नालबंदाने हाक मारली. हा बैलांना नाल ठोकणारा माणूस, एके काळी माझ्यापेक्षा जास्त पिणारा.

"अब्बासभाई, दोर धरा जरा."

"माझे हात हलतात, महादू."

"हलू द्या की. दोर सुटत न्हाई त्यानं."

नाल ठोकायला बैल आडवा पाडावा लागतो, पाय बांधावे लागतात. एकट्याचं ते काम नव्हे. दोराला आणखी दोघे होते, एक गाडीवान आणि एक सोनईकडचा शेतकरी. दोघेही दारू सोडलेले. आमच्याकडे सौदा ठरला की तिसऱ्या प्रहरी गुत्त्यावर जायची चाल. नेमकी तीच वेळ महादूने नाल ठोकायला धरली होती. बैल खाली असताना दोर टाकून कोण उठणार? शपथ नाही, उपदेश नाही. मध्येच गाडीवान म्हणायचा, "आज लई आठवन येतीया." महादू म्हणायचा, "व्हय, येतीच. धर नीट."

मी दीड वर्ष दोर धरला. पोट उतरलं, बोटं स्थिर झाली. हमीदा पुन्हा समोर बसून जेवू लागली.

मग जनावरांत लाळ्या-खुरकताची साथ आली आणि बाजार दोन महिने बंद झाला. आम्ही आपापल्या घरी बसलो. महादूचं घर माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. मी एकदाही गेलो नाही. तो आम्हाला धरणारा, त्याला कोणी धरायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाजार पुन्हा भरायच्या चार दिवस आधी त्याला रक्ताची उलटी झाली. नगरला नेताना तो गाडीतच गेला. तो महिनाभर पीत होता, हे त्याच्या मयतीत कळलं.

तेव्हा, बाबांनो, सोबत मिळाली की तिथेच थांबू नका. तुम्हाला ज्याने धरलंय त्याच्या दारातही जाऊन या.

आता बाजार भरो न भरो, आम्ही तिघे बाजाराच्या वारी एकमेकांच्या घरी जातो. शेवटी महादूच्या घरी जातो. त्याची बायको चहा करते. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिने विचारलं होतं, "तवा का न्हाई आलात, भाऊ? वाट बघत हुते ते."

मी कपबशी हातात घेतली. हात जराही हलला नाही, आणि त्याचीच मला शरम वाटली.