शेंदूर लावलेला नमुना

भातकुलीची प्रणाली अमरावतीत सून म्हणून आली, तेव्हा माहेरच्या सामानात तिची दगडांची पेटीही होती. शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. सासू पार्बताबाई म्हणाल्या, "हसू नका वो. कोणी भांडे आणते, कोणी दगडं." लेकरं शाळेत जायला लागली आणि प्रणालीने भूशास्त्रात पीएच.डी.ला नाव घातलं.

तिचा प्रश्न साधा होता. आपल्या काळ्या दगडातली बारीक छिद्रं आतून एकमेकांना जोडलेली असली, तरच त्यातून पाणी झिरपतं. दगड फोडून पाहावं तर आतली वाटच मोडते. म्हणून बोअरमधून काढलेला लांबट गोल दगड तिने अकोल्याला नेऊन माणसांच्या सीटी स्कॅनमध्ये ठेवला. क्ष-किरणांत छिद्रं दिसली, पण सगळी सुटी सुटी. पीएच.डी.चे मार्गदर्शक सर म्हणाले, "एकदा शेवटचं बघा. नाही दिसलं तर विषय सोडून द्या."

त्यासाठी देवघराजवळच्या कोनाड्यात जपलेला तोच दगड महिन्याभराने एका सकाळी काढायला गेली, तर शेंदराने लालभडक झालेला! प्रणालीने तो उचलून सासूपुढे धरला.

"आई, हे काय केलं तुमी?"

"काय केलं म्हणजे? देवघराजवळ उभा गोल दगड, अन् त्याले उघडा ठेवू? तू इकडं दिवसभर कॉलेजात. दर शनिवारी कोमट तेलात शेंदूर कालवून लावून राहिली मी. मारोतीच हाय म्हटलं."

"माह्या अभ्यासाचा नमुना हाय तो!"

"मंग पावंल तो तुह्या अभ्यासाले."

साबणाने घासघास घासलं, पण रंग हटेना. स्कॅनची वेळ तर ठरलेली. रडवेल्या तोंडाने प्रणाली तसाच दगड घेऊन अकोल्याला गेली.

मशीन चालवणारी गजाला बघतच राहिली. "भाभी, पेशंटले कुंकू लावून आणलं का वो?"

"हसून घे बाई. माहं सगळं बुडालं."

दगड मशीनच्या पोटात सरकला. गजालाने पडद्यावर बोट ठेवलं अन् तिची थट्टाच बंद झाली. "भाभी, हे पाहा."

काळ्या छिद्रा-छिद्रांतून केसासारखे पांढरे धागे धावत होते. एका छिद्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, पार दगडाच्या मधोमध. मागच्या स्कॅनमध्ये यातला एकही नव्हता.

"शेंदरात शिसं राहते ना?" गजाला म्हणाली. "आमच्या ॲप्रनमंदी तेच हाय. किरण त्यातून जातच नाई, म्हणून पांढरं दिसते."

प्रणाली पडद्यावर वाकली. मशीनला न दिसणाऱ्या भेगांमधून तेल आत गेलं होतं आणि जाताना शेंदूर घेऊन गेलं होतं. तेल जातं तिथून पाणीही जाणार.

दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावून तिने सरांना पाठवले. थोड्याच वेळात फोन वाजला. "विषय अजिबात सोडायचा नाही! आता सगळेच नमुने असेच तपासा. आणि हे कोणी केलं, त्यांचं नाव प्रबंधात आभारात घाला."

अकोल्याच्या स्टँडवर, गाड्यांच्या गोंगाटात, प्रणाली फोनवर ओरडत होती, "आई, दगडात वाट हाय! तुमच्या हातानं सापडली!"

पलीकडून पार्बताबाई तितक्याच जोरात ओरडल्या, "मंग घरी ये लवकर! पेटीतले बाकीचे दगडं धुऊन पुसून ठेवून राहिली मी, तेल गरम करतो!"