मुलीचा मामा

लातूरकडच्या भूकंपात माझी आई आणि पाच वर्षांचा भाऊ गेले. मला लोकांनी मातीतून ओढून काढलं, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पुढे लग्न होऊन आर्णीला आले. "झालं गेलं विसर" असं इथल्या बायांनी इतक्यांदा सांगितलं, जसं काही मला भाजीची पिशवी बाजारात विसरून यायचं होतं.

विसरले नाहीच. मधे इकडे यवतमाळ जिल्ह्यातही बारीकसे धक्के बसले, मांडणीवरची भांडी वाजली, आणि मी अंगणात जाऊन बसले ती आत यायचं नावच घेत नव्हते. जेवण सुटलं. कशातच जीव लागेना. यवतमाळच्या डॉक्टरांनी उदासीनतेचा आजार सांगितला, गोळ्या दिल्या. मला बरं वाटू लागलं आणि घरच्यांना लाज वाटू लागली.

त्यातच लेकीला पाहायला घाटंजीचे पाहुणे येणार होते. नवरीला बोहल्यावर मामा आणतो, म्हणून पाहुणे मामाची चौकशी करतातच. सासूबाईंनी आधीच बेत ठरवून ठेवला.

"मामा पुण्याले राह्यते म्हणून सांगजो."

लग्नाच्या दिवशी आमच्या ह्यांचा एक मित्र मामा होऊन उभा राहणार होता. माझ्या गोळ्याही कोठीत लपवल्या. मी हो म्हटलं. लेकीचं चांगलं व्हावं, एवढंच मला पाहिजे होतं.

पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईने विचारलंच, मामा काय करतात? पुणे ओठांवर आलं आणि माझं डोकंच फिरलं. पाच वर्षांच्या पोराला मी पुण्यात नोकरीला लावत होते.

"मामा पाच वर्षांचा होता," मी म्हटलं. "भूकंपात गेला. मी वाचले. त्याचाच त्रास होतो, त्याच्याच गोळ्या चालू आहेत."

कळवतो म्हणून पाहुणे उठले. चार दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला. मुलगी पसंत होती. फक्त लग्नात नवरीच्या आईने जरा मागे राहावं, लोकांत उगीच चर्चा नको, म्हणे. लेकीने माझ्या हातातून फोन घेतला.

"मामाच्या जागी माही मायच उभी राहीन. पटत नसन तं राहू द्या."

सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या. हातचं स्थळ गेलं म्हणाल्या. गेलं तर गेलं. एका लग्नासाठी मी माझ्या भावाला दुसऱ्यांदा गाडणार नव्हते.