वरातीची घोडी आणि आमच्या ताई

‘‘कासरा सोड. बंडी नाई हाकून राह्यली तू.’’

मागून हे वाक्य यायचं आणि माझ्या मुठी आणखी आवळल्या जायच्या. नालवाडीच्या पुढे एका मोकळ्या शेतात ताई घोडेस्वारी शिकवायच्या. कापडदुकानदाराच्या घरातली ही बाई कॉलेजात एनसीसीत घोड्यावर बसली आणि मनाने पुन्हा कधी उतरलीच नाही. मी हिंगणीच्या शेतकऱ्याची लेक, आता वर्ध्यात शाळामास्तरीण. लहानपणी बैलबंडी हाकलेली, त्यामुळे वाटायचं, घोडं ते काय! हा गैरसमज पहिल्याच दिवशी मातीत गेला, माझ्यासकट.

ताई ड्रेसाज शिकवायच्या. म्हणजे न ओरडता, न मारता, नुसत्या आपल्या बसण्यातून घोड्याला चालवायचं, वळवायचं, थांबवायचं. त्यासाठी तेलाच्या रिकाम्या डब्यांचं रिंगण मांडलेलं होतं. कुणी घोड्याला जोरात टाच मारली, की ताई त्याला खाली उतरवून रिंगणाला पायी चक्कर मारायला लावत. वकील असो की डॉक्टर, सुटका नव्हती.

आता त्या घोडीबद्दल. पांढरी, देखणी आणि महाहट्टी. ताईंनी वरातवाल्याकडून आणण्याआधी ती वरातीत नाचायची. तुम्हीही पाहिलं असेल, बँडमागे नवरदेवाला पाठीवर घेऊन घोडी जागच्या जागी पाय उचलत राहते. लगाम ओढला की नाचायचं, एवढंच तिला शिकवलेलं. आणि मला शिकवलेलं, जनावर बिथरलं की कासरा ओढायचा. मी ओढायचे, ती नाचायची. ती नाचली की मी आणखी ओढायचे.

तिने आजवर दोघींना पाडलं होतं, एक मी आणि दुसऱ्या स्वतः ताई. तेव्हा ताईंची कंबर गेली ती गेलीच. डॉक्टरांनी घोड्यावर बसायची कायमची बंदी केली. शेत त्यांच्या थोरल्या भावाचं. ते म्हणाले, ‘‘अजून एकाले पाडलं, तर घोडी वरातवाल्याकडे वापस जाईन.’’ आणि एका रविवारी सकाळी ते स्वतःच पाहायला येऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहिले.

ताईंनी नेमकं मला बोलावलं.

‘‘ताई, मीच काऊन?’’

‘‘बस तू. मंग सांगीन.’’

सुरुवात बरी झाली. घोडी मान खाली घालून चालली. मला घाम फुटला होता, पण चाललं होतं. तेवढ्यात पलीकडच्या मंगल कार्यालयात बँडवाल्यांनी ताशावर काठी मारली. घोडीचे कान ताठ झाले, पाय जागेवरच उचलू लागले. मी ओढलं. ती सरळ मागच्या पायांवर उभी राहिली.

ताई लंगडत तिच्या पुढ्यात आल्या.

‘‘सरक बाजूले!’’ भाऊ ओरडले. ताईंनी वळूनही पाहिलं नाही. आवाजही चढवला नाही.

‘‘कासरा सोड. दोन्ही हात समोर ने.’’

‘‘पडीन मी.’’

‘‘पडली तर पड. पन वढू नको.’’

मला त्यांचा भयंकर राग आला. मी मेले तरी चालेल, घोडी राहिली पाहिजे, असंच ना? त्या रागातच हात पुढे गेले. घोडीचे पाय ताईंपासून हातभर अंतरावर जमिनीला टेकले. बँड वाजतच होता, पण लगाम सैल होता. नाचायला कुणी सांगत नव्हतं, त्यामुळे तिचाच गोंधळ उडाला.

‘‘आता श्वास सोड,’’ ताई बाजूला होत म्हणाल्या.

मी श्वास सोडला आणि घोडी चालू लागली. रिंगण पूर्ण झालं. मध्यावर मी नुसती ताठ बसले, तशी ती थांबली. भाऊ धुऱ्यावरूनच घरी निघून गेले. त्यांच्या घरात यालाच होकार म्हणतात.

मी खाली उतरले. ताई म्हणाल्या, ‘‘बाकीचे भेले की मारते. तू भेली की नुसती वढते. वढनं सोडवता येते.’’

ताई मागच्या हिवाळ्यात गेल्या. झोपेतच. काही दिवसांनी भाऊंचा फोन आला, ‘‘घोडी काई खाऊन नाई राह्यली. येऊन जाजो.’’

मी गेले. घोडी भिंतीकडे तोंड करून उभी होती. एकेकाळी तिला परत पाठवायला निघालेले भाऊ कडब्याची पेंढी दोन्ही हातांत धरून तिच्यामागे उभे होते, कधीपासून कोण जाणे.

‘‘तिच्यासारखं बोल न हिच्याशी जरा,’’ ते म्हणाले. ‘‘मले नाई जमून राह्यलं.’’

मी पुढे झाले, तोंड उघडलं. दिवसभर वर्गात बोलणारी बाई मी, पण ताई घोडीशी बोलायच्या त्या न बोलताच, हे आठवलं आणि तिच्या मानेवर हात ठेवून मी नुसता श्वास सोडला.