धाकूचं गाऱ्हाणं

लांज्याजवळच्या त्या वाडीत धाकूसारखं देवाला गाऱ्हाणं घालणारा दुसरा नव्हता. त्याने "बा म्हाराजा" म्हणून आवाज लावला की मुंबईहून आलेले चाकरमानीसुद्धा मुकाट हात जोडत. एरवी मात्र त्याला कुणी हिंग लावूनही विचारत नसे, कारण दिवस मावळला की गडी फाट्यावरच्या दारूच्या दुकानात. त्याची बायको सोनूबाई वीस वर्षं त्याच्या पावलांवर कान ठेवून निजली. म्हणजे निजलीच नाही.

२००३ साली हीच सोनूबाई दारूबंदीसाठी घरोघर हिंडली. बायकांचं मतदान झालं, आडव्या बाटलीवर शिक्के पडले, दुकान बंद झालं. धाकूने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "सोडली." थरथरत, घामाघूम होत त्याने चार महिने काढले. माणूस जिगरीचा, मान्यच करायला हवं!

भात घरात आलं आणि राखण द्यायची वेळ झाली. गावच्या सीमेवर राखणदाराचा दगड आहे. त्याला वर्षातून एकदा कोंबडा आणि दारूची बाटली. थोडी दगडावर शिंपडायची, उरलेली पुरुषांनी वाटून घ्यायची, आणि पहिला घोट गाऱ्हाणं घालणाऱ्याचा. वाडीतल्या रामाने लांज्याहून बाटली आणलीच. "देवाला कसली आलीय दारूबंदी?" म्हणाला.

राखणीला बायका जात नाहीत. सोनूबाई उंबऱ्यातूनच म्हणाली, "द्येवाच्या मानाला मी आडवी येत नाय. पन पयला घोट तुमचा, येवढं ध्यानात ठेवा."

दगडापुढे धाकूने बूच काढलं. वास नाकात शिरला. तोंडाला पाणी सुटलं, त्याची त्याला लाज वाटली. मग त्याने डोळे मिटले.

"बा राखणदारा म्हाराजा, ह्यो मान तुजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"सगला तुजा, आमाला थेंब नको!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्येच्याफुडं गावात कोन हिला शिवनार नाय, ह्यो तुला शबूद!"

"व्हय म्हाराजा!"

सवयीने बोलून गेले आणि मग एकमेकांकडे बघत राहिले. तोवर धाकूने बाटली दगडावर उपडी केली होती. राखणदारासमोर दिलेला शब्द मागे घ्यायची छाती रामाचीही नव्हती.

धाकू घरी आला तेव्हा सोनूबाई चुलीपाशी होती. तिने त्याच्या पावलांवरून ओळखलं होतं, तरी विचारलं, "काय मागितलंत गाऱ्हान्यात?"

"तुजी झोप," धाकू म्हणाला.