तुळशीखालचं मीठ

बदलापूरला हेंद्रेपाड्यात घर बांधलं, तेव्हा वायरिंग मीच करणार, असं आमच्या ह्यांनी जाहीर केलं. हे अंबरनाथला केमिकल कंपनीत ऑफिसर. तिथे फ्यूज उडाला तर शिपायाकरवी इलेक्ट्रिशियनला बोलावणारा माणूस, पण घरी अंगात विश्वकर्मा संचारला. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातून वायरची भेंडोळी, लाकडी पट्ट्या, बटणं आली. बाहेरच्या खोलीतलं बटण नेमकं दाराच्या मागे बसलं, म्हणजे आधी दार लावायचं आणि मग दिवा. मी बोलले तर म्हणे, सवय होईल.

कागदावर सही मात्र लायसनवाल्याची लागायची. ह्यांच्या ओळखीचा एकजण आला, चहा प्यायला, सही करून गेला. आता वीज खात्याचे साहेब तपासून गेले की मीटर बसणार होतं. तोवर आम्ही कंदिलावर राहायला गेलो, कारण भाड्याची खोली सोडून बसलो होतो.

सासूबाईंनी दारात तुळशीवृंदावन बांधून घेतलं. त्याच्याखालचा खड्डा ह्यांनी एका रविवारी घाम गाळून स्वतः खणला, स्वतः भरला. मला वाटलं, काय हे आईवरचं प्रेम.

पहिली तुळस वाळली. दुसरी वाळली. सासूबाई म्हणाल्या, पाणी मनापासून घातलं जात नसेल. मी बिचारी सकाळी तांब्याने घालायची आणि दुपारी त्या झोपल्या की चोरून बादलीने. तिसरी शिवमंदिराजवळच्या फुलवाल्याकडून आणली, तीही काळी पडली. शेजारणी कुजबुजायला लागल्या की सुनेचा हात काही बरा नाही. शेवटी सासूबाईंनी ठरवूनच टाकलं, वास्तुशांतीला धाकटा मुलगा आणि त्याची बायको बसतील. माझ्या घराची पूजा, आणि पाटावर जाऊबाई! मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा संताप जास्त आला. हे पेपरात तोंड घालून बसलेले.

मग साहेब आले. बटणं बघितली, दारामागचं बघून हसले, आणि विचारलं, अर्थिंगचा खड्डा कुठे आहे? ह्यांनी खाकरून हळूच तुळशीकडे बोट केलं. म्हणाले, अर्थिंगची जमीन कायम ओली लागते, आणि तिथे आयतं रोज पाणी पडतं.

"मीठ-कोळसा घातलाय ना?"

"मीठ पोतंभर," हे म्हणाले.

साहेबांनी यंत्र लावून बघितलं आणि खूश होऊन म्हणाले, इतकं छान अर्थिंग कारखान्यातसुद्धा नसतं. पास करून गेले. ओसरीवर सासूबाई उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मिठाने तुळस जळते, हे तुला कधी कळलं?"

दुसरी वाळली तेव्हा, हे पुटपुटले; पण सांगितलं असतं तर चौथरा फोडून खड्डा दुसरीकडे खणावा लागला असता.

सासूबाई माझ्याकडे बघेनात. त्यांनी त्या वाळक्या काड्या उपटून टाकल्या. मग ह्यांना म्हणाल्या, "पूजेला हीच बसेल. शेजारी तू बसायचंस की नाही, ते हिला विचार."

ह्यांनी लगेच विचारलं. मी आठवडाभर उत्तर दिलं नाही.